वाद्यांच्या इंग्रजी नांवांचें कुलवृत्त



कुलवृत्त म्हटलें म्हणजे घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला, त्याच्या शाखा कोठकोठें पसरल्या, हें जाणून घेण्याची हौस आपणां सर्वांस असते. शब्दांचींही घराणीं असतात. माणसांच्या नात्यांत जसे सख्खे असतात, चुलत असतात, दत्तक असतात आणि कांहीं नुसतेच आडनांवबंधु असतात, तसाच प्रकार शब्दांतही आढळतो. आपल्या कानांवरून रोज जाणारे आणि इंग्रजी म्हणून ओळखले जाणारे संगीतांतील कांहीं शब्द घेऊन त्यांचें कुलवृत्त आज पाहावयाचें आहे.

पुणें जिल्ह्यांत, शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सीमेजवळ, भीमेच्या कांठीं वडगांव रासाई नांवाचें गांव आहे. उदाहरणासाठीं हेंच गांव घेऊं. कारण या बाबतींत जें या गांवाचें तेंच देशावरील शेंकडों गांवांचें. अशा गांवांत देवाची पालखी निघते तेव्हां शिंग फुंकतात. लग्नाची वरात निघते तेव्हां बँड वाजतो. एकादशीच्या रात्रीं देवळांत भजनाला बसतात तेव्हां पेटी उघडतात. आणि यात्रेंत कधीं तमाशाची तर कधीं ऑर्केस्ट्राची कनात उभी राहते. शिंग, बँड, पेटी आणि ऑर्केस्ट्रा हे चार शब्द तेथील लहान मुलालाही ठाऊक असतात. यांतला आपला कोणता आणि परका कोणता, असें कोणी विचारलें तर उत्तर सोपें वाटतें. शिंग आणि पेटी आपलीं, बँड आणि ऑर्केस्ट्रा इंग्रजांचे. परंतु हें उत्तर जरा तपासून पाहूं लागलें म्हणजे चारांपैकीं एकही शब्द नेमून दिलेल्या जागीं स्वस्थ बसत नाहीं.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. शब्दांच्या कुळाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, इंग्रजी ही संस्कृताचीच बिघडलेली संतति. जो शब्द उचलावा तो मुळांत आपलाच. दुसरा पक्ष म्हणतो, परका शब्द हा भाषेच्या पायांत मोडलेला कांटा आहे. तो काढून टाकल्यावांचून चालणें सुखाचें होणार नाहीं. माधवराव पटवर्धनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ १९३८ सालीं निघाला तेव्हां हा दुसरा वाद ऐन भरांत होता, आणि तो अजूनही पुरता शमलेला नाहीं. वाद शब्दांपुरताच राहता तर फारसें बिघडलें नसतें. परंतु वाद्यांच्या बाबतींत नांवाचा परकेपणा वस्तूलाही चिकटतो, आणि एका वाद्याला तर, अंशतः त्यापायीं, तीस वर्षांहून अधिक काळ नभोवाणीच्या दाराबाहेर उभें राहावें लागलें. त्या वाद्याकडे शेवटीं येऊं. आधीं कुळ शोधण्याची रीत पाहिली पाहिजे.

या रीतीचा पाया कलकत्त्यास घातला गेला. तेथील न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं एशियाटिक सोसायटीपुढें व्याख्यान देतांना असें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधील साम्य योगायोगानें आलेलें असणें शक्य नाहीं. तिन्ही भाषा कोण्या एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या, आणि ती मूळ भाषा कदाचित् आतां उरलीही नसेल. याच जोन्ससाहेबांनीं १७८४ सालीं हिंदूंच्या रागांवर एक निबंध लिहिला होता. तो १७९२ सालीं छापून प्रसिद्ध झाला. भाषांचें कुळ आणि रागांचें रूप या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मेजावर शेजारीं शेजारीं पडलेल्या होत्या, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें युरोपांतील पंडितांनीं या कल्पनेला नियमांचें बळ दिलें. ते म्हणाले, दोन शब्द कानाला सारखे लागतात एवढ्यावर नातें ठरवूं नका. एका भाषेंतील अमुक वर्णाच्या ठिकाणीं दुसऱ्या भाषेंत तमुक वर्ण नियमानें येतो कीं नाहीं तें पाहा. एक उदाहरण घेऊं. संस्कृतांत शत, लॅटिनमध्यें केंटुम, इंग्रजींत हंड्रेड. संस्कृतांत कुत्र्याला श्वन्, लॅटिनमध्यें कॅनिस, इंग्रजींत हाउंड. म्हणजे संस्कृतांत जेथें श तेथें लॅटिनमध्यें क आणि इंग्रजींत ह. आतां हाच नियम लावून तिसरा शब्द पाहा: संस्कृतांत शृंग, लॅटिनमध्यें कॉर्नू, इंग्रजींत हॉर्न. कानाला या तिघांत फारसें साम्य लागत नाहीं, आणि तरीही ते एकाच आईचीं लेंकरें आहेत. शृंगाचें आपण शिंग केलें. लॅटिन कॉर्नूपासून कॉर्नेट, म्हणजे लहानसें शिंग, असें एका पितळी वाद्याचें नांव झालें. इंग्रजानें आपला घरचा हॉर्न ठेवला आणि लॅटिन घराण्यांतला कॉर्नेटही पाहुणा म्हणून घेतला. तेव्हां पालखीपुढील शिंग आणि मोटारीचा हॉर्न हे शब्द भाऊभाऊ ठरतात. आणि बँडवाल्याच्या हातांतील कॉर्नेट हा त्यांचा चुलतभाऊ ठरतो.

या कुळाशीं ब्यूगलचें रक्ताचें नातें नाहीं, पण त्याची कथा मोठी बोलकी आहे. ब्यूगल हा शब्द लॅटिन बुकुलुस म्हणजे लहान बैल, गोऱ्हा, यावरून आला. गोऱ्ह्याच्या शिंगाचें जें फुंकवाद्य तें ब्यूगल-हॉर्न. पुढें शेवटचा अर्धा भाग गळाला आणि नुसत्या बैलाचें नांव वाद्याला राहिलें. वाद्य पितळेचें झालें, बैलाचा संबंध तुटला, नांव मात्र तसेंच राहिलें. आपल्याकडेही तेंच झालें. शिंग आज धातूचें असतें, तरी त्याला शिंगच म्हणतात. एकमेकांस न विचारतां दोन समाजांनीं एकच गोष्ट केली. संगीताच्या शब्दांत असे प्रकार पदोपदीं भेटतात. वस्तु बदलते, तिचा पहिला जन्म नांवांत गोठून राहतो.

दुसरें घराणें याहून मोठें आहे. संस्कृतांत तन् म्हणजे ताणणें, पसरणें. या धातूपासून तंतु, तंत्री, तनु आणि तान हे शब्द झाले. ग्रीक भाषेंत याच कुळांतला टोनोस हा शब्द आहे. त्याचा अर्थ ताण, ताणलेली दोरी, आणि त्या ताणामुळें निघणारा सूर. टोनोसपासून लॅटिनच्या मार्गानें इंग्रजी टोन आला, आणि ट्यून हा टोनचाच उच्चार बदललेला धाकटा भाऊ. लॅटिन टेनेरे म्हणजे धरणें हें क्रियापदही याच कुळांतलें. त्यावरून टेनर हा शब्द आला. मध्ययुगीन चर्चसंगीतांत मुख्य चालीचे सूर लांबवून धरून ठेवणाऱ्या गायकाला टेनर म्हणत. पुढें पुरुषाच्या उंच आवाजाला तें नांव पडलें. इंग्रजीला या धातूचा स्वतःचा वारसाही मिळाला आहे, पण तो संगीतांत नाहीं. संस्कृत त च्या जागीं इंग्रजींत थ येतो, जसें त्रि आणि थ्री. त्याच नियमानें तनु, म्हणजे पातळ, कृश, याचा इंग्रजी सोयरा थिन हा आहे.

तंबोरा लावणारा गवई खुंटी पिळतो, तार ताणली जाते, आणि मग तो तान घेतो. ताणणें आणि तान हीं दोन्ही आपल्या भाषेंत एकमेकांशेजारीं नांदत असल्यामुळें आपणांस त्यांचें नवल वाटत नाहीं. इंग्रजाला मात्र टोन आणि थिन यांचें नातें कोशांत शोधावें लागतें. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तान आणि टोन यांचें मूळ एक असलें तरी आज त्यांचे अर्थ फार निराळे आहेत. तान म्हणजे सुरांची पसरलेली द्रुत माळ. टोन म्हणजे एकाच सुराचा पोत. एका घरांतून निघालेले दोन भाऊ, एक वकील झाला आणि दुसरा वैद्य. कुळ समजलें म्हणून धंदा समजला असें होत नाहीं.

याच रीतीनें छंदःशास्त्रांतील मीटर हा शब्द पाहावा. तो ग्रीक मेट्रोन म्हणजे माप यावरून आला, आणि आपल्या मात्रेंतील मा, म्हणजे मापणें, हा धातु त्याचा भाऊबंद आहे. व्हॉइस आणि व्होकल हे लॅटिन व्होक्सचे वंशज; व्होक्स ही आपल्या वाक् ची बहीण. सोनाटा हें नांव इटालियन सोनारे म्हणजे वाजणें, वाजविणें यावरून आलें. त्याच्या मुळाशीं लॅटिन सोनुस आहे आणि संस्कृतांतला स्वन म्हणजे ध्वनि हा त्याच कुळांतला.

येथें पहिल्या पक्षाचा उत्साह वाढतो. म्हणून एक सूचना देणें अवश्य आहे. बहीण म्हणजे मुलगी नव्हे. वाक् पासून व्होक्स झाली नाहीं, शृंगापासून हॉर्न झाला नाहीं. दोन्ही बहिणींची आई निराळी होती आणि ती कधींच निवर्तली. इंग्रजी ही संस्कृताची लेक आहे असें म्हणणें हें चुलतभावाला आपला मुलगा म्हणण्यासारखें आहे. अभिमान वाढतो, पण वंशावळ बिघडते.

आतां आडनांवबंधूंकडे वळूं. जोशी आडनांवाचीं सगळींच माणसें जशीं एका कुळांतलीं नसतात, तसेच कानाला सारखे लागणारे सगळेच शब्द एका मुळाचे नसतात. सितार आणि गिटार हे शब्द जोडीनें उच्चारले तर कोणासही ते भाऊ वाटतील. परंतु सितार हा फारसी सेह-तार, म्हणजे तीन तारांचा. आणि गिटार हा ग्रीक किथारा या वाद्यनामाचा वंशज. गिटारच्या टार चा आपल्या तारेशीं कांहीं संबंध नाहीं. युरोपांत पूर्वीं शॉम नांवाचें सनईसारखें वाद्य होतें. शॉम आणि शहनाई, दोन्हींची घडण सारखी, नांवांचा आरंभही सारखा; तरीही शॉम हा कॅलामोस म्हणजे बोरू या ग्रीक शब्दापासून लॅटिन व फ्रेंच भाषांतून उतरला, तर शहनाईंतील नाई हा फारसी नाय, म्हणजे बोरूची बांसरी, याचा अवशेष आहे. मौज अशी कीं, तोच ग्रीक कॅलामोस अरबी भाषेंत कलम होऊन आपल्या दौतीजवळ येऊन बसला. शॉम या वाद्याचें खरें नातें आपल्या सनईशीं नसून आपल्या लेखणीशीं आहे! डमरू आणि ड्रम यांची जोडी तिसऱ्या प्रकारची. तेथें बहुधा दोन्ही शब्द वाद्याच्या आवाजाची नक्कल करण्यांतून जन्मले. मेघ सर्वत्र सारखाच गडगडतो.

यापुढचा वर्ग दत्तकांचा. या वर्गांत गेलें म्हणजे प्रथम हें दिसतें कीं, ज्यांना आपण इंग्रजी शब्द म्हणतों त्यांतले बहुतेक इंग्रजांनींच दत्तक घेतलेले आहेत. म्यूझिक हा शब्द ग्रीकांच्या म्यूझ या नऊ विद्यादेवतांवरून आला, आणि आरंभीं त्यांत गायनवादनाबरोबर काव्य व नृत्य यांचाही समावेश होई. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यांतही गीत, वाद्य व नृत्त हीं तिन्ही मिळून संगीत मानलीं आहेत. पियानो हा शब्द इटालियन. त्याचा अर्थ हळू. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनें १७०० च्या सुमारास असें वाद्य केलें कीं, ज्याच्या पट्टीवर बोट हलकें पडलें तर सूर हळू आणि जोरानें पडलें तर मोठा निघे. म्हणून त्याला पियानोफोर्ते, हळू-जोरानें, असें नांव पडलें. पुढें जोर गेला आणि हळू तेवढा राहिला. ल्यूट हें तंतुवाद्य अरबांकडून युरोपांत गेलें. अरबींत त्याचें नांव अल्-ऊद, म्हणजे लांकूड. अरबी उपपदांतला ल नांवाला चिकटून बसला आणि ल्यूट झालें. हाच ऊद सुगंधी लांकूड म्हणून आपल्या देवघरांत आला आणि त्याची उदबत्ती झाली. विलायतेंतील जुनें ल्यूट आणि आपल्या देव्हाऱ्यांतील उदबत्ती यांचें नांव मुळांत एकच आहे.

इंग्रजांनीं हे शब्द ज्यांच्याकडून वाद्यें शिकलीं त्यांच्याकडून घेतले. इटालियनांकडून विद्या घेतली तेव्हां तिच्याबरोबर शब्दही घेतले, आणि त्याबद्दल त्यांस कधीं संकोच वाटला नाहीं. आपल्याकडे हे शब्द कोणत्या वाटेनें आले तें आतां पाहूं.

एक वाट छावणीची. वडगांव रासाई ज्या तालुक्यांत आहे त्याचें मुख्य ठिकाण शिरूर, जुन्या लोकांच्या तोंडीं घोडनदी. पेशवाईच्या अखेरच्या काळांत येथें इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन याची पलटण याच छावणींतून निघाली, आणि दुसऱ्या दिवशीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं तिची गांठ पडली. इंग्रजी पलटणीचा दिवस ब्यूगल आणि ड्रम यांच्या इशाऱ्यांवर चाले. ज्या मुलखानें हे आवाज प्रथम लढाईच्या भयानें ऐकले, त्याच मुलखाच्या बोलींत ब्यूगलचा बिगूल झाला. बँड हा शब्दही लष्करांतलाच. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ टोळी, जमाव. लोकांनीं त्याला वाद्य शब्दापासून झालेला आपला बाजा जोडला आणि बँडबाजा असा जोडशब्द तयार केला. पलटणीपुढें चालणारी टोळी नवरदेवापुढें चालूं लागली.

दुसरी वाट दरबाराची, आणि ती मराठी माणसांनींच दक्षिणेंत उघडली. तंजावरच्या भोसले घराण्यांतील दुसरे सरफोजी राजे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या दरबारीं पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता. त्याच काळांत तंजावर मुलखांतील बाळुस्वामी दीक्षितार व वडिवेलु यांनीं इंग्रजांचें फिडल उचलून कर्नाटक संगीतांत बसविलें. वादक मांडी घालून बसला, वाद्याचें तोंड त्यानें पायाकडे वळविलें, तारा आपल्या गायनाला सोईच्या पडतील अशा जुळविल्या. आज व्हायोलिनवांचून दक्षिणेकडील मैफल भरत नाहीं, आणि तेथील श्रोत्याला त्यांत परकें कांहीं दिसतही नाहीं. तिसरी वाट गोव्याची. पोर्तुगीज अमलांत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. त्या शिक्षणांतून तयार झालेले गोमंतकीय वादक पुढें मुंबईस आले आणि बोलपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं मोठी कामगिरी केली.

त्या वाद्यवृंदाचें इंग्रजी नांव ऑर्केस्ट्रा. या शब्दाएवढा प्रवास क्वचितच एखाद्या शब्दानें केला असेल. ग्रीक भाषेंत नाचणें या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला; नाटकगृहांत प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्यें कोरस ज्या जागेंत नाचे ती जागा ऑर्केस्ट्रा. कोरस याचाही मूळ अर्थ नृत्य. पुढें त्या जागेंत वादक बसूं लागले, म्हणून वादकांच्या समूहाला तें नांव पडलें. महाराष्ट्रांत येतां येतां त्याचा अर्थ आणखी बदलला. आपल्या यात्रेंत ऑर्केस्ट्रा आला म्हणजे रंगमंचावर चित्रपटगीतें म्हणणारी मंडळी आली असें लोक समजतात. आणि बहुधा त्या गाण्यांबरोबर नाचही असतो. अडीच हजार वर्षें भटकून शब्द पुन्हा नाचाजवळ आला. हें त्या खेड्यांतल्या माणसानें ग्रीक शिकून केलें नाहीं. गाणें आणि नाच यांची फारकत त्याला मान्य नव्हती, एवढेंच त्याचें कारण.

आतां पेटी. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें यानें १८४२ सालीं एका वाद्याचा हक्क नोंदविला आणि त्याला हार्मोनियम हें नांव दिलें. तें हार्मनीवरून घेतलें, आणि हार्मनीचें मूळ ग्रीक हार्मोस म्हणजे सांधा. सुतार दोन फळ्या एकमेकींत बसवितो, जहाज बांधणारा तक्ते जुळवितो, तो हा सांधा. त्यावरून निरनिराळे सूर एकाच वेळीं वाजवून त्यांचा मेळ साधण्याच्या विद्येला हार्मनी म्हणूं लागले. हें वाद्य आपल्या देशांत आलें तें पायानें भाता मारण्याचें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं तें हाताच्या भात्याचें व बैठकीवर वाजविण्याजोगें केलें. मराठी संगीत रंगभूमीला १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नें नवें वळण लागलें. पुढें त्या रंगभूमीवर पायपेटी आली, ऑर्गन आला. ऑर्गन म्हणजे ग्रीक भाषेंत हत्यार, साधन. म्हणून इंग्रजींत शरीराच्या अवयवालाही ऑर्गनच म्हणतात. गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गनच्या साथीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांसाहेबांचा तबला वाजे. गोविंदराव टेंबे यांनीं हार्मोनियमवादनाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली.

मराठी माणसानें या वाद्याचें नांव फारसें उच्चारलें नाहीं. त्यानें तें पाहिलें, आणि पेटी म्हटलें. ज्या विद्येवरून फ्रेंच माणसानें नांव ठेवलें होतें ती विद्या त्यानें वापरलीच नाहीं. सुरांचा मेळ बांधण्याचें हें यंत्र त्यानें एकेरी गाण्याच्या पाठोपाठ चालावयास लावलें. आणि मग वाद्यानेंही भाषेला देणें दिलें. गायकाला त्याचा स्वर विचारा; तो काळी एक, काळी दोन, पांढरी चार असें उत्तर देतो. पेटीच्या पट्ट्यांचे रंग हीच आपली स्वर सांगण्याची परिभाषा झाली. भांडणांत कोणाचा आवाज चढला तर तो वरच्या पट्टींत बोलूं लागला असें म्हणतात. म्हणजे पेटी न पाहिलेला माणूसही पेटीची भाषा बोलतो. दत्तक मुलगा घरांत कितपत रुळला हें पाहण्यास याहून चांगली खूण कोणती?

तरीही या वाद्यावर आक्षेप आले, आणि त्यांत तथ्यही होतें. पेटींत अष्टकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. आपला शुद्ध गांधार षड्जाशीं ५ ला ४ या प्रमाणांत असतो. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं तर गांधाराचीं ३०० व्हावयास पाहिजेत. पेटींत तीं सुमारें ३०२.४ होतात. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला हा फरक खुपतो. शिवाय पेटीवर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातां येत नाहीं. म्हणजे मींड नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें; न्यायाधीश क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९१३ सालीं निघाला. या दोघांनीं श्रुतींना अनुसरणारी निराळी पेटी तयार करविली, आणि १९१६ च्या बडोदें येथील संगीत परिषदेंत तिच्यावर चर्चाही झाली. दोष वाद्याच्या सुरांत आहे असें ज्यांना वाटलें त्यांनीं सूर सुधारण्याचा यत्न केला. हा मार्ग सरळ होता.

१ मार्च १९४० पासून मात्र ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी झाली, आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. या बंदीच्या समर्थनांत दोन आरोप एकमेकांत मिसळले होते: पेटी बेसूर आहे हा एक, आणि पेटी परकी आहे हा दुसरा. पहिला आरोप कानानें तपासतां येतो. दुसऱ्याचा निकाल मात्र कुलवृत्तानें लागतो, आणि तो आरोप करणाराच्या विरुद्ध लागतो. कारण परकें नांव हा अपराध असेल तर फारसी नांवाच्या सितारीला, फारसी नांवाच्या शहनाईला आणि अरबी नांवाच्या तबल्यालाही त्याच दारांतून बाहेर जावें लागेल. तंबोऱ्याचें नांवही फारसी तंबूर याच कुळांतलें आहे. ज्या तंबोऱ्याच्या साक्षीनें पेटीला बेसूर ठरविलें, त्याचीच वंशावळ उघडली तर न्यायासनावर कोण उरणार?

त्या तीस वर्षांत देवळांतली पेटी बंद पडली नाहीं, नाटकगृहांतली पडली नाहीं, मैफलींतलीही पडली नाहीं. अप्पा जळगांवकरांसारख्या वादकांनीं ती गायकाच्या गळ्याजवळ इतकी नेली कीं मींडेची उणीव श्रोत्याच्या ध्यानांत येऊं नये. बंदी नभोवाणीच्या वास्तूंत होती. लोकांनीं निकाल निराळा दिलेला होता.

उलट बाजूचा व्यवहारही सांगितला पाहिजे. जोन्ससाहेबांनीं राग या शब्दासाठीं मोड हा इंग्रजी शब्द योजला होता. तो पुरा पडला नाहीं. रागांत सुरांच्या चौकटीखेरीज चाल आहे, वेळ आहे, रंग आहे. हें एका इंग्रजी शब्दांत मावेना. शेवटीं इंग्रजांनीं राग हा शब्दच उचलला, आणि आज ताल, तबला, सितार हे शब्द त्यांच्या कोशांत बिनतक्रार बसले आहेत. आपणांसही हार्मनीसाठीं स्वरसंवाद, स्वरमेळ असे शब्द करतां येतात आणि ते उपयोगीही पडतात. परंतु ज्या वेळीं वस्तूच निराळी असते त्या वेळीं तिचें स्वतःचें नांव घेण्यांत कमीपणा नाहीं. भाषांतर करावें कीं शब्द जसाचा तसा घ्यावा, हें वस्तूकडे पाहून ठरवावें; अभिमानाकडे पाहून ठरवूं नये.

दत्तकाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. १८४८ सालीं सातारच्या गादीवरील दत्तकाचा हक्क डलहौसीनें मानला नाहीं आणि राज्य खालसा केलें. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणें विधिपूर्वक घेतलेला दत्तक घरचा पुत्र होतो, पिंड देतो, वारसा चालवितो. त्याच्या जन्मगोत्राचा प्रश्न तेथें संपतो. हा न्याय राज्याच्या बाबतींत आपण तळमळीनें मागितला. शब्दांच्या आणि वाद्यांच्या बाबतींत तो आपणच मोडूं नये. पेटी बेसूर असेल तर ती जुळवून घ्यावी, आणि न जुळली तर बाजूस ठेवावी. परंतु ती विधिपूर्वक आपल्या घरांत आलेली आहे. तो विधि भीमाकांठच्या भजनांतून, पुण्यामुंबईच्या नाटकगृहांतून आणि आपल्या रोजच्या बोलण्यांतून शंभर वर्षांपूर्वींच पार पडला आहे.